चिंधीचा गळा

कशेळ्याच्या वरच्या ठाकरवाडीत चिंधी लग्न होऊन आली, तेव्हा सासरच्या माणसांनी तिचं पहिलं काय हेरलं असेल, तर गळा. रंगरूप मागाहून. डोंगरउतारावर नाचणी भरायला लागली की रानडुकरांच्या धाडी पडतात, म्हणून मचाणावर बसून राखण करावी लागते. बाकीच्या बाया पत्र्याचे डबे बडवायच्या. ही नुसती एक हाळी द्यायची. डुकरं तर पळायचीच, पण पलीकडच्या वाडीतली माणसंसुद्धा कोण मेलं म्हणून बाहेर यायची. सासू कानावर हात ठेवून म्हणायची, "अगं बये, डुकरं हाकल, देव नको हाकलू!" नवरा पदू नुसता हसायचा. त्याला बायकोचं भारी कौतुक होतं.

त्या उतारावरच्या जमिनीला दळी म्हणतात. कसायची ठाकरांनी, पण जमीन सरकारी रानाची. पणजोबापासून तेच घर तोच उतार कसतंय, नाचणी काढतंय, वरी काढतंय, पण सातबाऱ्यावर नाव नाही. आणि नाव नाही म्हणजे सरकारच्या लेखी ती माणसं शेतकरीच नाहीत. बियाणं आलं, यांना नाही. विमा आला, यांना नाही. पीक बुडालं तर पंचनामा नाही, म्हणजे भरपाईही नाही. अहो, मग ती डोंगरावर करतात तरी काय, हवा खातात? पण हे विचारायचं कोणी आणि कोणाला!

असो. तर एका वर्षी नाचणी धड झाली नाही, म्हणून चिंधी आणि पदू खाली खोपोलीला गेले. शिळफाट्याजवळ एका कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, तिथे ठेकेदाराकडे घमेली उचलायला. बायकांना प्यायला पाणी नाही, आडोसा नाही. पाणी मागितलं की मुकादम म्हणायचा, घरून आणा. डोंगरावरून हंडा घेऊन यायचं का रे बाबा, असं चिंधीच्या ओठांवर यायचं, पण नवी होती, गप्प बसली.

एक दिवस कारखान्याच्या फाटकाशी सभा भरली. सभा घेणारी होती सरोजिनी चौबळ, कर्जतच्या दत्तोपंत चौबळ मास्तरांची धाकटी मुलगी. वकिलीची सनद नुकतीच हातात पडलेली. मास्तरांची इच्छा अशी की पोरीनं कोर्टात काळा कोट घालून उभं राहावं, आणि पोरगी उभी राहिली कारखान्याच्या फाटकाशी, धुळीत. पोलिसांनी कर्णा लावायला परवानगी दिली नव्हती. आणि ताईंचा आवाज म्हणजे देवघरातली घंटी, चार हात गेला की विरला. ताई कायद्याची कलमं सांगत होत्या, मागची माणसं विड्या ओढत होती.

चिंधीचं डोकं फिरलं. घमेलं खाली टाकून ती गर्दीतून पुढे घुसली आणि ताईंना म्हणाली, "ओ बाई, तू सांगतेस ते चांगलं हाय का वायट तेच कळंना. माज्या कानात सांग, मी वरडते." ठाकरांच्या बोलण्यात अहो-जाहो नसतं. देवाला तू आणि तहसीलदारालाही तूच. ताईंनी तिच्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि खरंच कानात सांगितलं. चिंधी ओरडली, "बायांना पाणी पायजे! आडोसा पायजे!" कारखान्याच्या आतले मशीनवरचे लोक हात पुसत बाहेर आले. साहेबाच्या खोलीची खिडकी उघडली गेली. आठवडा उलटायच्या आत पाण्याची टाकी आली आणि पत्र्याचा आडोसाही आला.

तिथून या दोघींचं जमलं ते कायमचं. ताईंनी ठरवायचं, चिंधीनं ओरडायचं. पण त्यातही एक मेख होती. घोषणा दिली की गर्दी पहिल्यांदा लाजते. कोणी आधी तोंड उघडायचं, म्हणून एकमेकांकडे बघत राहते. म्हणून ताईंनीच तोडगा काढला. चिंधीनं हाळी द्यायची, "कोण म्हणतंय देत नाय?" आणि तिच्या शेजारी उभं राहून ताईंनी सगळ्यांच्या आधी मूठ वर करायची, "घेतल्याशिवाय राहत नाय!" मग गर्दीला धीर यायचा. लोधिवलीच्या रस्त्यावर, खालापूरच्या कचेरीसमोर, अलिबागला, मुंबईला, जिथे मोर्चा तिथे हे असंच. इतकी वर्षं केलं की पुढे पुढे ताईंना ऐकावंही लागायचं नाही. चिंधीनं श्वास घेतला की यांची मूठ निघाली!

ताई पहिली निवडणूक सपशेल पडल्या. वाड्यावाड्यांवर जाऊन त्यांनी श्रमिकांच्या लढ्यावर भाषणं केली. भाषणं उत्तम होती, कळली मात्र कोणालाच नाहीत. पुढच्या खेपेला चिंधीनं ताईंना हाताला धरून डोंगर चढवला आणि प्रत्येक अंगणात एवढंच सांगितलं, "ही आपली ताई. हिनं आमाला पाणी दिलं. ही पडली तर मी तुमच्या दारात बसून वरडीन." लोक घाबरले म्हणा की पटलं म्हणा, ताई निवडून आल्या. आणि मग येतच राहिल्या. त्यांची श्रमिक आघाडी एवढीशी, विधानसभेत मोजकी डोकी, सरकार कोणाचंही येवो, ताई आपल्या विरोधी बाकावर. आधी केसांत पांढरी बट आली, मग सगळेच केस पांढरे झाले, पण कर्जत-खालापूरच्या लोकांनी ताईंना घरी बसू दिलं नाही.

या सगळ्या वर्षांत राज्याला किती कृषिमंत्री झाले आणि गेले. नवा मंत्री आला की ताई आणि चिंधी आपलं म्हणणं घेऊन हजर. "दळी कसणाऱ्याला शेतकरी म्हणा!" जमीन नावावर करणं ही वन खात्याची गोष्ट, ती वेगळी लढाई. पण बियाणं, विमा, पंचनामा हे तर कृषी खात्याचं. तिथे तरी शेतकरी माना, एवढंच मागणं. नागपूरच्या अधिवेशनाला चिंधी दोन लुगडी एकावर एक नेसून थंडीत कुडकुडत ओरडली. प्रत्येक मंत्र्यानं गोड हसून एकच शब्द दिला, विचाराधीन. चिंधीला तो शब्द इतका पाठ झाला की गोठ्यातला एक बैल, जो काठी मारल्याशिवाय उठायचा नाही, त्याचं नाव तिनं विचाराधीन ठेवलं. वाडीतली पोरं त्याला अजून त्याच नावानं हाक मारतात.

आणि एके दिवशी पारडं फिरलं. कोणालाच बहुमत नाही, श्रमिक आघाडीच्या मोजक्या डोक्यांना सोन्याचा भाव आला, आणि सरोजिनीताई चौबळ राज्याच्या कृषिमंत्री झाल्या. वाडीत भरदुपारी ढोल वाजला. पदूसारखा मुखदुर्बळ माणूस, तोही नाचला. चिंधीचा मुलगा मनोज यानं मोबाइलवर ताईंचा शपथ घेतानाचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. चिंधी ऐटीत म्हणाली, "झालं आपलं काम. आता वरडायचं कशापायी? आपलीच हाय ती."

पावसाळा गेला. हिवाळा, उन्हाळा, पुन्हा पावसाळा. काही झालं नाही.

त्या वर्षी दसऱ्यानंतर, कापणीला आलेल्या नाचणीवर अवकाळी पाऊस कोसळला. उभं पीक आडवं झालं, कणसांना मोड आले. खालच्या गावांत भाताचे पंचनामे झाले. कृषी सहाय्यक मोटारसायकलवरून डोंगराच्या पायथ्यापर्यंत आला, वर बघितलं आणि थांबला. पोरगा वाईट नव्हता. म्हणाला, "मावशी, दळीचा पंचनामा मला करता येत नाही. वरून आदेश नाही." मनोजच्या घरात मग जे बोलणं व्हायचं तेच झालं. वीटभट्टीचा मुकादम टेंपो घेऊन येणार होता. मनोज, त्याची बायको रूपाली आणि त्यांची पोर अक्षदा, तिघंही उन्हाळ्यापर्यंत भट्टीवर. अक्षदा चौथीत होती. तिचं दप्तर रूपालीनं गाठोड्यात घातलं, परत काढलं, परत घातलं.

चिंधीनं ताईंना फोन लावला. बऱ्याच खटपटीनं ताई फोनवर आल्या. चिंधीनं सगळं सांगितलं. पलीकडून ताई दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "चिंधी, मी बघतेय गं. वन खात्याचं मत यायचंय. थोडं थांब. सध्या ते विचाराधीन..."

पुढचा शब्द ताईंनी गिळला, पण जायचा तो बाण सुटला होता. चिंधीनं फोन मनोजच्या हातात दिला आणि मागच्या दारी जाऊन बसली. तिला रडू आलं. पीक गेल्याचं तिला दुःख होतंच, पण हे दुसरंच काहीतरी होतं, आणि ते जास्त लागलं.

दोन दिवसांनी मिहीर जीप घेऊन वाडीत आला. मिहीर म्हणजे ताईंचा भाचा, कर्जतचा, आता त्यांचा सचिव. चांगला पोरगा, पण मंत्रालयाची हवा लागलेला. त्यानं चिंधीपुढे कोरं हिरवं लुगडं ठेवलं. "मावशी, कशेळ्याला शेतकरी मेळावा आहे. ताई भाषणाला उभ्या राहिल्या की तुम्ही झिंदाबादची घोषणा द्यायची. तुमच्याशिवाय शोभा नाही. टीव्हीवाले येणारेत."

"शेतकरी मेळावा," चिंधी म्हणाली. "मंग आमी कशाला? आमी शेतकरी कुठं हाव?"

"असं काय मावशी, घरच्याच आहात तुम्ही," असं म्हणून मिहीर लगबगीनं जीपमध्ये बसला.

संध्याकाळी घरात तोच विषय. मनोज म्हणाला, "आये, गप झिंदाबाद म्हण नि ये. ताईनं आपल्याला काय कमी दिलं? बापाच्या ऑपरेशनला रातोरात गाडी पाठवली होती, इसरलीस?" चिंधी विसरली नव्हती. तेच तर दुखणं होतं. ताईंच्या विरुद्ध तोंड उघडायचं म्हणजे स्वतःच्या ताटात माती कालवायची. आणि न उघडावं तर उद्या टेंपोत नात चढणार. रूपाली चुलीपाशी बसून इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "आत्या, तू आजपावतर प्रत्येक कृषिमंत्र्याला जाब विचारलास. ह्याच एकीला सूट का? ती आपली हाय म्हणून? मंग तर आधी विचारायला पायजे." सासूपुढे ती एवढं कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर स्वतःच घाबरली.

सकाळी चिंधी उठली, ते हिरवं लुगडं नेसली आणि मेळाव्याला निघाली.

कशेळ्याच्या मैदानात मांडव खच्चून भरला होता. जीपा भरभरून माणसं आली होती. वर खुर्च्यांवर मोठे साहेब, फेटे, हार, बाटलीबंद पाणी. मिहीरनं चिंधीला आणि वाडीच्या बायांना अगदी पुढे बसवलं. सूत्रसंचालकानं नाव पुकारलं, ताई उठून माइकसमोर आल्या. चष्मा लावला, भाषणाचे कागद सारखे करायला लागल्या. मिहीरनं कडेनं चिंधीला खूण केली, मावशी, हं!

चिंधी उभी राहिली. तिनं ताईंकडे बघितलंच नाही, बघितलं असतं तर जमलं नसतं. डोळे मिटून तिनं हाळी दिली, "दळीवाल्याला शेतकरी म्हणा!"

मांडव गपगार. मिहीरचा चेहरा पांढराफटक. पोलिसांनी माना वळवल्या. वाडीच्या बाया खाली सतरंजीकडे बघायला लागल्या. ताईच्या विरुद्ध बोलायचं कोणी? मनोजनं तर डोक्यालाच हात लावला. चिंधीनं पुन्हा तेच ओरडून बघितलं. पुन्हा कोणी हूं की चूं केलं नाही. एवढ्या वर्षांत तिची हाळी अशी कधी वाऱ्यावर गेली नव्हती. आता मागे फिरावं आणि मुकाट्यानं घरी जावं, असं तिला वाटलं. पण नातीचं गाठोडं डोळ्यांपुढे आलं आणि संतापच चढला. होता नव्हता तेवढा जोर लावून ती ओरडली,

"कोण म्हणतंय देत नाय?"

ताई कागद लावण्यात गुंग होत्या, चिंधीच्या हाळीतले शब्द ऐकायची त्यांची सवय कधीच गेली होती. कानावर तो आवाज पडला मात्र, कागद खाली, मूठ वर, आणि तोंड थेट माइकमध्ये, "घेतल्याशिवाय राहत नाय!"

कर्ण्यांतून तो आवाज मांडवभर, मैदानभर, पार बाजारपेठेपर्यंत गेला. खुद्द कृषिमंत्र्यांनी कृषिमंत्र्यांच्या विरुद्ध घोषणा दिली होती, मूठ अजून हवेत होती, आणि टीव्हीचे कॅमेरे तिच्यावर रोखलेले. घटकाभर कोणाला काय झालं तेच कळेना. मग वाडीच्या बायांमधून कोणीतरी किंचाळून हसलं आणि सगळा मांडव फुटला. "घेतल्याशिवाय राहत नाय! घेतल्याशिवाय राहत नाय!" भाताचे शेतकरीसुद्धा त्यात सामील झाले, फेटेवाले, जीपवाले, चहावाला, सगळे.

ताईंनी मूठ खाली घेतली, त्या मुठीकडे असं बघितलं की ही कोणाची, आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. चष्मा काढून पुसला. मग माइकवर म्हणाल्या, "लोकहो, वर्षभर मी मंत्री म्हणून जे बोलत होते ना, ते माझं बोलणं नव्हतं. ते खुर्चीवर आधीच ठेवलेलं होतं, मी बसले आणि तोंडात आलं. परवा माझ्या चिंधीला मी तेच ऐकवलं. लाज वाटली मला. आत्ता तोंडातून निघालं ते माझं."

भाषणाचे कागद तिथेच टाकून त्या पायऱ्या उतरल्या आणि सतरंजीवर चिंधीच्या शेजारी फतकल मारून बसल्या. "आता हा मेळावा नाही, मोर्चा आहे," त्या म्हणाल्या. "आणि आमचा मोर्चा लेखी उत्तर घेतल्याशिवाय उठत नसतो. बोला साहेब."

खात्याचे मोठे साहेब धावत खाली आले. "मॅडम, हे कार्यक्रमपत्रिकेत नाहीये."

"दळी कसणाऱ्याला खात्यानं शेतकरी मानायचं, हा आदेश काढायला अडचण कोणाची आहे?"

साहेबांनी घाम पुसला. "तशी कोणाची नाही, मॅडम. आम्ही वन खात्याच्या मताची वाट बघत होतो, ते आमच्या मताची बघत असतील."

"मग मांडा तुमचं मत. मी इथेच बसलेय."

साहेबांनी मांडवातच लॅपटॉप उघडला. आदेशाचा कागद कशेळ्याच्या बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आला. दुकानदारानं पहिली प्रत काळी आली म्हणून दुसरी काढून दिली. ताईंनी मांडीवर कागद ठेवून सही केली आणि तो रूपालीच्या हातात दिला. दहावीपर्यंत शिकलेल्या रूपालीनं तो बोटानं एकेक ओळ धरून मोठ्यानं वाचला. दळी कसणारे कुटुंब शेतकरी समजावे, चालू हंगामापासून. वाचून संपल्यावर वाडीच्या बायांनी तिथेच फेर धरला. ताईंनाही ओढलं. सत्तरीला आलेली बाई, गुडघे दुखत होते, तरी नाचली. चिंधी मात्र ताईंच्या गळ्यात पडून, "मला वाटलं तू गेलीस गं, ताई, मला वाटलं तू गेलीस," एवढंच म्हणत राहिली.

वरून फोन आले, नाही असं नाही. मित्रपक्षाच्या एका नेत्यानं विचारलं, हा काय पोरखेळ? ताई म्हणाल्या, काढायचं असेल तर काढा, मला मोर्चाची सवय आहे, मंत्रिपदाची लागायचीय अजून. कोणी काढलं नाही. तो व्हिडिओ तोवर घरोघरी पोचला होता, आता ताईंना हात लावायची कोणाची बिशाद!

मुकादमाचा टेंपो आला, पायथ्याशी हॉर्न वाजवत उभा राहिला. मनोजनं खाली जाऊन सांगितलं, नाय येत. का रं? तर म्हणे, शेतात पंचनामा हाय, घरी थांबायला लागंल. हे वाक्य बोलताना त्याची छाती अशी फुगली होती की मुकादमानं पुढे वाद घातलाच नाही. अक्षदाचं दप्तर गाठोड्यातून निघालं आणि ती शाळेत गेली.

दुसऱ्या दिवशी कृषी सहाय्यक डोंगर चढून वर आला. अर्ध्या वाटेत दोनदा बसला, पण आला. आडव्या झालेल्या नाचणीतून फिरला, कणसं हातात घेऊन पाहिली, फोटो काढले. सगळी वाडी त्याच्यामागून फिरत होती. चिंधी-पदूच्या उतारावर येऊन त्यानं पेन काढलं आणि नेहमीच्या सवयीनं विचारलं, "या शेताचे शेतकरी कोण?"

पदू चिंधीकडे बघायला लागला. तिच्या सासऱ्याला हे कोणी विचारलं नव्हतं, त्याच्या बापालाही नाही. चिंधी पुढे झाली, तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. काहीतरी पुटपुटली.

सहाय्यक कान पुढे करून म्हणाला, "मावशी, जरा मोठ्यानं बोला ना. ऐकू नाही आलं."

सगळी वाडी हसून लोटपोट झाली. चिंधीसुद्धा हसली, पदरानं डोळे पुसले, आणि छाती भरून श्वास घेतला.

"मी हाय शेतकरी! लिही!"